‘आता कसं आहे त्याचं?’ – एका मापाची कहाणी

संध्याकाळची वेळ आहे. बाहेरगावचे पाव्हणे आले आहेत. ओसरीवर घोंगडी अंथरली आहे, चहापाणी झाले आहे. पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात, सोयऱ्याधायऱ्यांची खुशाली निघते, आणि मग पाव्हणे आवाज जरा खाली आणून विचारतात, “आणि धाकट्याचं कसं आहे आता?” घरातले वडील सांगतात, “आता बरं म्हणायचं. गोळ्या चालू आहेत. आरडाओरडा करीत नाही, कुणाच्या अंगावर जात नाही. एका जागी बसून असतो.” पाव्हणे म्हणतात, “मग चांगलंच झालं की!”

आणि तो धाकटा त्याच ओसरीच्या टोकाला खांबाला टेकून बसलेला असतो. हे सगळे बोलणे त्याच्या कानावर पडत असते. त्याला मात्र कोणी विचारीत नाही, “बाबा, तुझं कसं चाललंय?”

आज मला जो इतिहास सांगायचा आहे, तो या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे. मनाचे काही आजार वर्षानुवर्षे माणसाची पाठ सोडीत नाहीत. कोणाला कानात माणसांचे आवाज येतात, सारे जग आपल्यावर टपून बसले आहे असे वाटते. त्याला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. कोणाचे मन कधी आभाळाला टेकते, तर कधी विहिरीच्या तळाशी जाते. अशा माणसाचे जगणे बरे चालले आहे की नाही, हे ठरवायचे कसे? धान्याला पायली आहे, कापसाला काटा आहे, दुधाला फॅट पाहण्याचे यंत्र आहे. माणसाच्या जगण्याला कोणते माप लावायचे? गेल्या दोन-तीनशे वर्षांत हे माप अनेकदा बदलले. ते कसकसे बदलले ते आपण पाहू.

पहिले माप होते भिंतीचे आणि साखळीचे. लंडन शहरात बेथलेम नावाचे फार जुने इस्पितळ आहे. १२४७ साली ते एका मठाच्या रूपाने सुरू झाले, आणि पुढे तेथे वेड लागलेल्या माणसांना ठेवू लागले. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथे एक रीतच पडून गेली होती. जत्रेला जावे तसे शहरातले लोक वेडे पाहायला जात. दारातल्या पेटीत पैसे टाकायचे आणि आत हिंडायचे. हा मोकळा प्रवेश १७७० मध्ये बंद झाला. पण आतल्या साखळ्या राहिल्याच. १८१४ साली एडवर्ड वेकफील्ड नावाचे गृहस्थ पाहणीला गेले, तेव्हा त्यांना तेथे जेम्स नॉरिस नावाचा रुग्ण दिसला. त्याच्या गळ्याला आणि धडाला लोखंडी पट्टे होते आणि ते पट्टे खांबाला जखडलेले होते. कित्येक वर्षे तो माणूस तसाच होता. नवल असे की, त्याच्याशी बोलायला गेले तर तो नीट समजून उत्तरे देई. पुस्तके आणि वर्तमानपत्रेही वाची. पुढच्याच वर्षी, १८१५ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने चौकशीसाठी समिती नेमली.

त्या काळी अशा जागेचा कारभार चांगला की वाईट, हे दोनच गोष्टींवरून ठरे. कोणी पळाला नाही ना? आणि कोणी कोणाला इजा केली नाही ना? बस्स. नॉरिस या मापात अगदी बरोबर बसत होता. तो पळाला नव्हता.

हे माप मोडण्याचे प्रयत्न त्याच सुमारास सुरू झाले. पॅरिसमध्ये फिलिप पिनेल नावाच्या डॉक्टरांनी वेड्यांच्या साखळ्या तोडल्या, अशी चित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. खरी हकीकत अशी की, बिसेत्र येथील इस्पितळात १७९७ साली लोखंडी बेड्या काढल्या त्या प्यूसाँ नावाच्या तेथल्या व्यवस्थापकाने. हा प्यूसाँ एके काळी त्याच इस्पितळात गंडमाळेचा रोगी म्हणून आला होता आणि बरा होऊन तेथेच राहिला होता. इकडे इंग्लंडात यॉर्क गावी १७९० साली हॅना मिल्स नावाच्या बाईचा वेड्यांच्या इस्पितळात मृत्यू झाला. तिला भेटायला आलेल्या तिच्या धर्मबांधवांना आत सोडलेच नव्हते. ही गोष्ट विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याच्या मनाला लागली. त्यांनी खटपट करून १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ म्हणजे विसाव्याची जागा उघडली. तेथे बाग होती, हाताला काम होते, आल्या-गेल्याबरोबर चहापान होते. रुग्णाला माणसासारखे वागवा म्हणजे तो माणसासारखा वागू लागतो, असा त्यांचा विश्वास होता.

यातून पुढे दुसरे माप आले: ‘किती बरे झाले?’ एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत जागोजागी मोठी मनोरुग्णालये उभी राहिली. दरवर्षी त्यांचे अहवाल छापून निघत. इतके दाखल झाले, इतके बरे झाले, इतके सुधारले, इतके मेले. अमेरिकेत तर शेकडा ९० आणि त्याहूनही अधिक रुग्ण बरे होतात, असे दावे होऊ लागले. लोकांना आनंद झाला, सरकारने पैसा दिला.

पण प्लिनी अर्ल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी या आकड्यांची उलटतपासणी केली. १८७७ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, हे आकडे माणसांचे नसून फेऱ्यांचे आहेत. एकच रुग्ण बरा होऊन घरी जातो, पुन्हा आजारी पडून येतो, पुन्हा बरा होऊन जातो. आणि अहवालात प्रत्येक वेळी एक ‘बरा झालेला’ वाढतो. शाळेतल्या गुरुजींना हे चटकन समजेल. एकच मुलगा दहा वेळा हजेरी देऊ लागला तर पट भरलेला दिसेल, वर्ग रिकामाच राहील! अर्ल यांचे म्हणणे खरे होते. पण त्याचा परिणाम वाईट झाला. ही माणसे बरी होतच नाहीत, अशी लोकांची समजूत झाली, आणि मनोरुग्णालये म्हणजे नुसती माणसे साठवण्याची कोठारे होऊन बसली.

आपल्याकडेही निराळे घडले नाही. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि पुण्याचे येरवडा, ही महाराष्ट्रातील चार सरकारी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतली. त्या वेळी त्यांना वेड्यांचे इस्पितळच म्हणत. १९१२ सालचा ‘लुनसी अ‍ॅक्ट’ हा कायदा बव्हंशी माणसाला आत कसे ठेवायचे आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावायची, याचाच विचार करी. आत गेल्यावर तो कसा जगतो, हा प्रश्न कायद्याच्या खिजगणतीत नव्हता. आणि हा कायदा थोडाथोडका नव्हे, १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये अंमलात येईपर्यंत चालू राहिला.

तिसरे माप घेऊन आले ते औषध. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन इस्पितळात डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध रुग्णांना देऊन पाहिले. वर्षानुवर्षे ओरडणारी माणसे शांत झाली, बोलू लागली. तो काळच तसा आशेचा होता. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये सुमारे साडेपाच लाख माणसे होती. त्यानंतर हा आकडा जो उतरू लागला तो उतरतच गेला. आता औषध किती गुण देते हे पाहायचे, तर लक्षणे मोजायला हवीत. म्हणून १९६२ मध्ये ओव्हरऑल आणि गोरहॅम यांनी एक तक्ता तयार केला. भास, संशय, खिन्नता, उत्तेजितपणा अशी लक्षणे त्यात मांडली होती आणि प्रत्येकापुढे डॉक्टराने गुण द्यायचे होते. असे तक्ते आजही वापरतात, आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. त्यांच्यावाचून कोणते औषध लागू पडते आणि कोणते नाही, हे कळलेच नसते.

परंतु, श्रोतेहो, ताप उतरला की नाही ते थर्मामीटर सांगतो. रोगी जेवला का, त्याच्या उशाशी कोणी बसले का, हे काही तो सांगत नाही. इस्पितळातून बाहेर पडलेली माणसे गेली कोठे? काही घरी गेली. काही शहरातल्या कोंदट खोल्यांत जाऊन पडली, काही रस्त्यावर आली. लक्षणांच्या तक्त्यावर त्यांचे गुण सुधारलेले होते. पण जगणे?

इथे इंग्लंडमधल्या दोघा संशोधकांचे काम फार मोलाचे आहे. डॉक्टर जॉन विंग आणि समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी १९६० ते १९६८ अशी आठ वर्षे तीन मनोरुग्णालयांतल्या स्त्री-रुग्णांची पाहणी केली. या स्त्रिया वर्षानुवर्षे तेथे राहत होत्या. विंग आणि ब्राऊन यांनी लक्षणे तर मोजलीच. पण आणखी काही मोजले, आणि ते अगदी साधे होते. या बाईजवळ स्वतःच्या मालकीच्या रोजच्या वस्तू किती आहेत? तिला बाहेर जाता येते का? बाहेरचे कोणी भेटायला येते का? आणि दिवसाच्या तासांपैकी किती तास ती काहीही न करता नुसती बसून असते?

त्यांना काय आढळले? जेथे आयुष्य जास्त ओसाड, तेथे रुग्णही जास्त मुका, जास्त गोठलेला. आणि ज्यांचे रिकामे बसण्याचे तास कमी झाले, त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली. नुसत्या औषधातल्या फेरफाराने या फरकाचा उलगडा होत नव्हता. म्हणजे ‘एका जागी शांत बसून असतो’ ही जी आपण सुधारणेची खूण समजतो, ती पुष्कळदा दुखण्याचीच खूण असते. निदान हयगयीची तरी असतेच.

आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. जितकी जास्त वर्षे माणूस आत राहतो, तितकी त्याची बाहेर जाण्याची इच्छाच मरत जाते. दाव्याला बांधलेले जनावर दावे सोडले तरी तेथेच उभे राहते, हे आपण गोठ्यात पाहतोच.

आता आपण शेवटच्या मापाकडे येतो. भिंत मोजून झाली, आकडे मोजले, लक्षणे मोजली, वस्तू आणि तास मोजले. पण या सगळ्यांत मोजणारा दुसराच कोणी होता. खुद्द ज्याचे जगणे, त्याला विचारायचे राहूनच गेले होते. त्याला वेड्याचा शब्द कशाला धरायचा, असे सर्वांना वाटे.

अमेरिकेत १९८० च्या सुमारास अँथनी लेहमन या डॉक्टरांनी हे धाडस केले. लॉस एंजेलिस भागात इस्पितळातून बाहेर आलेली पुष्कळ माणसे राहण्या-जेवणाची सोय असलेल्या खाजगी निवासांत राहत होती. लेहमन आणि त्यांचे सहकारी अशा २७८ जणांना भेटले आणि त्यांची मुलाखत घेतली. राहती जागा, घरची माणसे, मित्र, काम, पैसा, सुरक्षितता, प्रकृती अशी एकेक बाब घेऊन त्यांनी विचारले, “याबाबत तुम्हाला कसे वाटते?” उत्तरासाठी सात पायऱ्यांची शिडी होती. खालच्या पायरीवर ‘अगदी भयंकर’, वरच्या पायरीवर ‘अगदी आनंद’. ही शिडी रुग्णांसाठी बनवलेली नव्हतीच. अमेरिकेतल्या सर्वसाधारण नागरिकांच्या समाधानाची पाहणी करण्यासाठी ती आधीपासून वापरात होती. म्हणजे शेजाऱ्याला जे माप, तेच माप या माणसांनाही लावले गेले. मला वाटते, साऱ्या कहाणीतली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट आहे.

त्यांची उत्तरे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेकांनी आयुष्यातल्या पुष्कळ बाबींत समाधान सांगितले, पण ते समाधान सामान्य माणसांच्या मानाने कमी होते. आणि सर्वांत जास्त असमाधान कशाबद्दल होते? पैसा नाही, काम नाही, जिवाला सुरक्षितता नाही, आपली माणसे आणि मित्र नाहीत याबद्दल. म्हणजे वेड लागलेल्या माणसाला हवे तरी काय होते? तुम्हाला-मला जे हवे असते, तेच.

पुढे अशी मापे वाढत गेली. १९८४ मध्ये हाइनरिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ मुद्द्यांची एक पट्टी केली. तीत गुण द्यायचे ते डॉक्टराने. १९९९ मध्ये इंग्लंडात १६ प्रश्नांची एक लहानशी चाचणी निघाली. तीत इतर प्रश्नांबरोबर एक साधा प्रश्न आहे: गेल्या आठवड्यात तुम्हाला एखादा मित्र भेटला का?

आता तुम्ही शंका काढाल, आणि ती रास्त आहे. ज्याचे मन ठिकाणावर नाही, त्याचे उत्तर खरे कसे मानायचे? संशोधकांनाही हीच शंका होती. म्हणून त्यांनी काही दिवसांनी त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारून पाहिले. बहुतेकांची उत्तरे बऱ्यापैकी जुळली. आजाराचा अगदी भर असेल तेव्हाची गोष्ट निराळी. एरवी बहुतेक रुग्ण आपल्या जगण्याविषयी समजून-उमजून बोलू शकतात.

खरी अडचण दुसरीच आहे. माणूस ‘बरं आहे’ म्हणाला, म्हणजे बरे असतेच असे नाही. ज्याने आशाच सोडली, तो थोडक्यात समाधान मानतो. अर्ध्या भाकरीची सवय झालेल्याला अर्धी भाकरी पुरते. उलट, मन खिन्न असेल तर भरल्या घरातही सगळे वाईटच दिसते. म्हणून जाणकारांनी शेवटी असा निवाडा केला की, दोन्ही पारडी हवीत. एका पारड्यात डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी: छप्पर, काम, पैसा, सोबत. दुसऱ्या पारड्यात त्याचा स्वतःचा शब्द. ही दोन पारडी नेहमी सारखी उतरत नाहीत. पण जेथे ती उतरत नाहीत, तेथेच विचारपूस करायची असते.

या मापाने काय साधले, ते लंडनच्या एका हकीकतीवरून कळेल. फ्रायर्न आणि क्लेबरी ही तेथली दोन अवाढव्य जुनी मनोरुग्णालये बंद करायचे ठरले. माणसे बाहेर काढली तर त्यांचे हाल होतील, असे पुष्कळांना भय होते. १९८५ पासून डॉक्टर ज्युलियन लेफ यांच्या पथकाने या जुन्या रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. फ्रायर्न १९९३ मध्ये बंदही झाले. बाहेर लहान-लहान घरांत, सोबतीला कर्मचारी देऊन ठेवलेल्या या माणसांची लक्षणे फारशी बदलली नव्हती. लक्षणांचा तक्ता तेवढा पाहिला असता तर कोणी म्हणाले असते, काही उपयोग झाला नाही. पण त्यांच्या ओळखीपाळखी वाढल्या होत्या, मोकळेपणा वाढला होता, आणि बहुतेकांना परत जायचे नव्हते. रोग तोच होता, जगणे बदलले होते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० नंतर सर्व देशांना चालेल अशी प्रश्नावली तयार केली. १५ केंद्रांत तिचे काम झाले, आणि त्यांत आपले दिल्ली आणि मद्रासही होते. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत: शरीर, मन, माणसांशी नाते आणि भोवतालची परिस्थिती. या संघटनेने एक गोष्ट मान्य केली की, जगण्याची प्रत त्या-त्या माणसाच्या रीतीभातीतूनच समजते. हे आपल्याला पटण्यासारखे आहे. विलायतेत स्वतंत्र खोली आणि दाराला आपली किल्ली यांना फार मोल. आपल्याकडे खोली असो-नसो, पंगतीत पान मांडले जाते का, लग्नकार्यात बोलावणे येते का, पेरणीच्या वेळी ‘तुझं काय मत?’ असे विचारतात का, यावर माणसाची पत ठरते.

आपल्या देशात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ मध्ये ३७ मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली आणि तेथल्या बंद कोठड्यांपासून संडास-न्हाणीघरांपर्यंतच्या उणिवा उघड केल्या. तरीही २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळदंडाने बांधलेली पंचविसाहून अधिक माणसे जागच्या जागी जळून गेली. त्यांना पळता आले नाही. नॉरिसला बांधणारी साखळी दोनशे वर्षांनी आपल्याच देशात निघाली होती. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि तो २०१८ मध्ये अंमलात आला. त्याने कोणाही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला. कायद्याने साखळी काढता येते. पण ओसरीवरच्या माणसाला एकदा प्रेमाने विचारण्याचे काम कायद्याच्या हातून होत नाही. ते घराने आणि गावाने करायचे आहे.

म्हणून, श्रोतेहो, पुन्हा त्या ओसरीवर येऊ. पाव्हणे उठण्यापूर्वी त्या धाकट्याजवळ जाऊन बसले आणि त्यांनी विचारले, “झोप लागते का रे? जेवण कुणाबरोबर करतोस? हातात चार पैसे असतात का? दिवसभरात काय केलंस? कुणी भेटलं का? कशाची भीती वाटते का?” तर हे सहा प्रश्न म्हणजेच या साऱ्या शास्त्राचे सार आहे. त्याला फॉर्म नको, शिक्का नको. उत्तर लगेच येणार नाही कदाचित. वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते, त्याला बोलायला वेळ लागतो. चार दिवसांनी पुन्हा विचारावे.

आणि शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. गावात असा एखादा माणूस असतोच, आणि शाळा सुटल्यावर पोरे त्याला चिडवतात, खडे मारतात. त्याच्या जगण्याचे माप त्या एका खड्याने किती खाली जाते, हे मुलांना कोणी सांगितलेले नसते. ते आपण सांगावे. आणि रस्त्यात भेटला तर मुलांच्या देखत त्याला नावाने हाक मारून ‘राम राम’ करावा. मुले पाहून शिकतात.

माणूस ‘शांत बसून आहे’ एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस संपले. तो जगतो आहे का, आणि त्याला स्वतःला काय वाटते, हे त्यालाच विचारू या.